बारा पाहुण्या आणि एक जळकी मोटार

आमचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळली की तिच्या पोटातली काळी पडलेली तांब्याची तार उपसून काढायची आणि नवी तार मोजून, वेटोळी करून, एकेका खाचेत बसवायची, याला आमच्याकडे मोटार भरणं म्हणतात. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णा नदीच्या पुलापासून फार लांब नसलेल्या गल्लीत वडिलांनी हे दुकान टाकलं. त्यांची नजर अधू झाली तेव्हा ते माझ्याकडे आलं. बाई मोटारी भरते हे बघायला सुरुवातीला लोक यायचे. मग त्यांच्याही मोटारी जळल्या आणि ते बघायचे थांबले.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या न संपल्या तोच जवळच्या मुलींच्या शाळेतले एक सर दुकानात आले. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस, दुकानात जळक्या मोटारींची रांग, आणि सर म्हणाले, "मॅडम, आपण आमच्या औद्योगिक भागीदार व्हा." मॅडम कोण, हे बघायला मी मागे वळले. मागे मिस्त्रीकाका होते. ते वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे आहेत आणि दुकानात आम्ही दोघंच.

शाळेत आता कामधंद्याचं शिक्षण आलं होतं. दहावीच्या मुलींना दहा दिवस खऱ्याखुऱ्या कामाच्या जागी नेऊन बसवायचं, त्यांनी हातानं काम करायचं, अशी ती योजना होती. मला ती मनापासून पटली. माझ्या शाळेत कार्यानुभवाच्या तासाला आम्ही काड्यापेटीच्या काड्यांचं घर करायचो, आणि त्या अनुभवाचा मला आजवर काही उपयोग झालेला नाही. मी हो म्हटलं.

मग सरांनी अर्ज काढला. आस्थापनेचं नाव लिहून झालं. कर्मचारी किती, दोन. पुढचा रकाना होता मनुष्यबळ विभागाच्या प्रमुखाचं नाव. रकाना मोकळा सोडला तर अर्ज पुढे सरकत नव्हता. मी मालक होते, म्हणजे उरले मिस्त्रीकाका.

"मले काय करा लागन?" काकांनी विचारलं.

"काही नाही, फक्त सही," सर म्हणाले.

काका सही करून कामाला लागले. पण दुसऱ्या दिवसापासून ते रोज दाढी करून येऊ लागले.

पहिल्या दिवशी उद्घाटन होतं. कशाचं, असं मी विचारलं, तर सर म्हणाले, उपक्रमाचं. त्यांनी लाल फीत आणली होती. फीत कापल्यावर काहीतरी उघडायला हवं, म्हणून सकाळी नवापासून उघडं असलेलं माझं शटर त्यांनी खाली ओढायला लावलं. गल्लीत बारा मुली ओळीने उभ्या, हातात गुलाब. मी फीत कापली, काकांनी शटर वर केलं, आणि आतून खांद्यावर मोटार घेतलेला एक शेतकरी बाहेर आला. तो मागच्या खोलीत आपली मोटार तपासत बसला होता आणि आम्ही त्याला कोंडून घातलं होतं. सर गोंधळले नाहीत. त्यांनी त्याला गुलाब दिला, फोटो काढला, आणि तो माणूस खांद्यावर मोटार, हातात गुलाब घेऊन निघून गेला.

एवढ्यावर भागलं असतं तर मी हसून सोडून दिलं असतं. पण खरी अडचण मिस्त्रीकाकांची निघाली. त्यांनी समोरच्या मंडपवाल्याकडून बारा खुर्च्या आणल्या आणि मुलींना ओळीने बसवलं. घरून सांबारवडी करून आणली होती, मोठं स्टीलचं भांडं भरून; कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. मी मुलींना म्हटलं, ही जळकी मोटार उघडा, आतली तार ओढून काढा. आणि मी तांब्याची तार आणायला गेले. तासाभराने येऊन बघते तर काका एकटे घामाघूम होऊन तार ओढत होते आणि बारा जणी खुर्च्यांवर बसून वडी खात त्यांच्याकडे बघत होत्या.

"काका, हे काय?"

"पाव्हन्या हायेत ना त्या. शाळेच्या लेकी आपल्या दारी आल्या, त्याइले काळ्या तेलात हात घालाले लावू?"

"त्या काम शिकायला आल्यात."

"मंग शिकून राहिल्या ना. म्या दाखवून राहिलो, त्या पाहून राहिल्या."

काकांशी वाद घालता येत नाही. ते तुमचं सगळं ऐकून घेतात, मान डोलावतात आणि पुन्हा तेच करतात.

त्यात आमच्याकडची एक रीत आडवी आली. भरलेलं भांडं घरी आलं तर ते रिकामं परत पाठवत नाहीत. काकांनी उरलेली वडी मुलींबरोबर घरोघरी दिली होती. दुसऱ्या दिवशी बारा घरांतून बारा डबे आले. कुणी पातोड्या, कुणी शेंगोळे, कुणाच्या आईने तिखट रश्शाची एवढी मोठी पातेली पाठवली की रिक्षातून धरून आणावी लागली. आता हे डबे रिकामे कसे परत करायचे, म्हणून काकांच्या घरी चूल पुन्हा पेटली. चौथ्या दिवशी माझ्या कामाच्या टेबलावर मोटार ठेवायला जागा नव्हती. वॉर्निश वाळवायच्या पेटीवर भाकरीचं टोपलं होतं. गिऱ्हाईक येऊन विचारायचं, मोटार झाली का, आणि जेवून जायचं.

त्या बारा जणींत एक मुलगी होती जी खात नव्हती. सगळ्यात टोकाच्या खुर्चीवर बसायची, आणि काकांच्या हाताकडे अशी बघायची की काकांनाच अवघडल्यासारखं व्हायचं. चौथ्या दिवशी संध्याकाळी बाकीच्या गेल्यावर ती थांबली.

"ताई, मले मोटर भराची हाये. पाहाची नाई."

मी म्हटलं, उद्या बघू. ती म्हणाली, "उद्या माहा बाप येऊन राहिला."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील दुचाकीवर मागे मोटार बांधून आले. गावाबाहेर नाल्याकाठी त्यांची भाजीची वाडी होती, वांगी, पालक, सांबार, असं सगळं लावलेलं. मोटार जळून चार दिवस झाले होते आणि शेजाऱ्याच्या पाण्यावर भागत होतं. माणूस शांत, आवाज हळू. मोटार खाली ठेवून ते मला म्हणाले, "ताई, हे पोट्टी दहावीनंतर आयटीआयले जाईन म्हनते. तारा जोडाचं शिकीन म्हनते. म्या तिले सांगतलं, दहा दिसांत हे मोटर तू सोता भरून चालू करून दाखव, मी घालतो. नाई त अकरावी गावातच कर, घरी राह्य. मंग पाहू."

ते 'मंग पाहू' काय असतं हे मला ठाऊक आहे. माझ्या दोन्ही बहिणींचं 'मंग' अठराव्या वर्षी झालं. मी दुकानात बसले ती वडिलांचे डोळे गेले म्हणून, कुणी मला विचारून बसवलं नव्हतं. त्या मुलीने मात्र स्वतःहून मागितलं होतं, आणि तिच्या दहा दिवसांतले चार आम्ही सांबारवडीत घालवले होते. मला स्वतःचा इतका राग आला की मी तो काकांवर काढला. खुर्च्या उचलून मंडपवाल्याच्या दारात नेऊन ठेवल्या, डबे खोलीत कोंबले, आणि भर गिऱ्हाइकांसमोर काकांना म्हटलं, यापुढे या दुकानात जो खाताना दिसेल तो घरी जाईल.

काकांनी फडक्याला हात पुसले. मग म्हणाले, "ताई, मी त्या खात्याचा राजीनामा देतो."

"कुठल्या खात्याचा?"

"मनुष्यबळ."

त्यांची समजूत काढायला अर्धा दिवस गेला. शेवटी ते तयार झाले, पण पाहुणीला काम सांगणार नाही, या हट्टावरून हलले नाहीत. त्यांनी स्वतःच त्यातून वाट काढली. ते त्या मुलीशी बोलायचेच नाहीत, मोटारीशी बोलायचे. मुलगी मोटारीवर वाकलेली, आणि काका बाजूला बसून मोटारीला सांगत, "मोटरबाई, आता तुमच्या खाचेत कागद घाला लागते. आखूड नोका कापू, नाई त तार अंगाले लागन आन् तुमी पुन्हा जळसान." मुलगी कागद कापायची. "मोटरबाई, हात हलका ठिवा, तार ताणली त तुटते." मुलगी हात हलका करायची. मोटारीने काकांना कधी उलट उत्तर दिलं नाही आणि मुलगीही गप्प होती, त्यामुळे काम फार सुरळीत चाललं.

बाकीच्या अकरा जणींना मी रांगेतल्या जळक्या मोटारी उघडायला बसवलं. पण गिऱ्हाइकांना ते खपेना. "माह्या मोटरीवर पोरी शिकून राहिल्या काय?" एकाने विचारलं. मी म्हटलं, तुमची मोटार जळलेली आहे, आता तिला यापुढे काय होणार आहे? तो विचारात पडला, पण मोटार उचलून घेऊन गेला.

वेटोळी करताना फेरे मोजावे लागतात. एक कमी झाला तरी चालत नाही, जास्त झाला तरी नाही. ती मुलगी ओठांतल्या ओठांत मोजायची. आणि सर रोज दोन-चारदा फोटो काढायला यायचे. त्यांच्या फोनमधल्या यंत्रणेला एकाच फोटोत विद्यार्थिनी, मालक, हत्यार आणि दुकानाची पाटी असं सगळं लागायचं. पाटी बाहेर होती. म्हणून रोज टेबल गल्लीत न्यावं लागे, मोटार, तार, मुलगी, सगळ्यासकट. सर म्हणायचे, "इकडे बघ, हस." ती बघायची, हसायची आणि आकडा विसरायची. मग सगळं उलगडून पहिल्यापासून. एका दिवसात तीन वेळा असं झालं. चौथ्या वेळी सर दिसताच ती मला म्हणाली, "ताई, सत्तावीस." आणि मान वर करून हसली. फोटो होईपर्यंत तो सत्तावीस मी धरून ठेवला. त्यानंतर आमचं ते ठरूनच गेलं. गिऱ्हाईक मला भाव विचारायचं आणि मी म्हणायचे, थांबा, माझे एक्केचाळीस चाललेत.

रविवारीही ती आली. नवव्या दिवशी दुपारी शेवटचं वेटोळं बसलं, दोऱ्याने बांधणी झाली. काकांनी बोट फिरवून गाठी पाहिल्या आणि मोटारीला म्हणाले, "मोटरबाई, तुमाले चांगल्या हातानं भरलं." मुलगी खाली मान घालून वॉर्निशचा डबा उघडत होती. तिचे कान लाल झालेले मला दिसले. मला इतकं बरं वाटलं की मी स्वतः जाऊन सगळ्यांना आलूबोंडे आणले आणि माझाच नियम मोडला.

दहाव्या दिवशी समारोप. मी म्हटलं होतं, दुकानात मोटार सुरू करून बघू, तिचे वडील येतील, झालं. पण सरांनी अमरावतीहून प्रमुख पाहुणे बोलावले होते. हे मोठे उद्योजक होते, कसल्याशा पिशव्यांचा त्यांचा कारखाना होता, आणि शाळांतून कौशल्यावर भाषणं द्यायला ते जात. गल्लीत मंडप पडला. काकांनी ढवळ्या रंगाचा सफारी घातला होता, तो त्यांच्या मुलाच्या लग्नातला. मोटारीला कुंकू लावून झेंडूचा हार घातला. मोटार पाहुण्यांनी सुरू करायची असं ठरलं होतं, पण पाहुणे टेबलापाशी खाली येणार नाहीत, म्हणून मंडपवाल्याने तारा लांबवून बटण व्यासपीठावर नेलं आणि त्याच्याभोवती फीत बांधली.

पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की हातात कौशल्य असलं की माणसाला कुणापुढे झुकावं लागत नाही. ते चांगलं बोलले. मग त्यांनी फीत सोडवली आणि बटण दाबलं.

मोटार उलटी फिरली.

यात मोटार भरणाऱ्याची चूक नसते. या मोटारींना विजेच्या तीन तारा जातात. त्यातल्या दोन इकडच्या तिकडे झाल्या की मोटार फिरते तशीच, आवाजही तसाच, पण दिशा उलटी. विहिरीवर ती मग पाणी धड ओढत नाही, आणि आतला नट सुटून पंखा निघतो तो वेगळाच. मंडपवाल्याने तारा लांबवताना अदलाबदल केली होती. आमच्या हातूनही असं होतं. बंद करायची, दोन तारा बदलायच्या. मोटारीच्या अंगावर बाण कोरलेला असतो, आणि सुरू होताना एक क्षणभर कुणालाही दिसतं की ती बाणाच्या उलट निघाली.

पण मोटार घूं करून फिरत होती आणि सगळा मंडप टाळ्या वाजवत होता. सर वाजवत होते. काका सफारीत उभे राहून वाजवत होते. मी वाजवत होते. मला दिसलं होतं, अगदी पहिल्या झटक्यालाच, आणि मी वाजवत होते. पाहुण्यांनी सुरू केलेली मोटार उलटी आहे, असं भर कार्यक्रमात कोण सांगणार?

"बंद करा, उलटी फिरून राहिली."

ती मुलगी उभी राहिली होती. सर हसत हसत तिच्याकडे वळले आणि दबक्या आवाजात म्हणाले, "साहेबांनी चालू केलीय बाळ, राहू दे."

"सर, पन उलटी हाये ते."

"फोटो होऊ दे."

ती थांबली नाही. मंडपाच्या कडेने दुकानात गेली आणि तिने मेन स्विच खाली ओढला. मोटार घरघरत थांबली. टाळ्या एकेक करून विझल्या, त्यात सगळ्यात शेवटी माझ्या. पाहुण्यांनी बटण पुन्हा दाबलं, मग आणखी दोनदा दाबलं, मग फितीकडे बघितलं. माइकचा मेनही तोच होता, त्यामुळे सर काय म्हणाले ते मागच्यांना कळलं नाही. पुढच्यांना कळलं. ते म्हणाले, आता आपण भोजनाकडे वळूया.

सगळे जेवायला गेले. सर जाता जाता तिच्यापाशी थांबले. अहवालात प्रात्यक्षिक अयशस्वी असं लिहावं लागेल, म्हणाले. मोटार पाहुण्यांच्या हातून सुरू झाली आणि बंद पडली, एवढंच सगळ्यांनी पाहिलंय. ती पक्कड घेऊन तारांपाशी उकिडवी बसली होती.

मंडपात आम्ही चौघं उरलो. ती, तिचे वडील, काका आणि मी. तिने दोन तारा सोडवल्या, बदलून जोडल्या, मेन वर केला. मोटार बाणाच्या दिशेने निघाली. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. काकांनी हळूच हार काढून घेतला, तो पंख्यात जाईल म्हणून. वडिलांनी मोटारीच्या अंगावर तळहात ठेवला, थरथर बघितली, गरम होते का ते बघितलं, आणि बराच वेळ हात तसाच राहू दिला.

"उलटी हाये हे मले सुरू होताबराबर दिसलं होतं," ते म्हणाले. "बारा वर्सं हेच मोटर चालवून राहिलो."

माझं डोकं पटकन तापतं, तसंच तेव्हा तापलं. "मग दादा, तुम्ही बोलला का नाहीत? तुमच्या मुलीच्या मोटारीचा प्रश्न होता."

ते रागावले नाहीत. हळू आवाजातच त्यांनी विचारलं, "तुमी काहून नाई बोल्ल्या जी?"

मी भांडखोर म्हणून सगळ्या गल्लीला माहीत आहे. मी काकांकडे पाहिलं, काका हाराची फुलं मोजत होते.

"लाज वाटली," मी म्हटलं. "एवढे मोठे पाहुणे."

"मलेबी तेच," ते म्हणाले. मग मुलीकडे वळले. ती मोटारीच्या तारा गुंडाळत होती. "हिले नाई वाटली. जूनमंदी हिचा फॉर्म भरतो, आयटीआयचा. घरी ठिवली त आमी हिले शिकवून टाकू, लाजाले."

मोटार जड होती. दुचाकीवर चढवायला मी एका बाजूने हात लावला.